सतरा नंबरचा शिक्का

बारा वर्षं चिंचोळीला
कॅमशाफ्टच्या तपासणीला बसले.
हातभर दांडा, त्यावर अंड्यासारखे उंचवटे;
गाडीच्या पोटात गरगर फिरतो
आणि इंजिनानं श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा
ते ठरवतो म्हणे.
आमच्या घरात कुणाकडे गाडी नाही.
माल पास झाला की टोकाला ठोकायचा
माझा शिक्का: सतरा.

अम्मा विडी घरकुलात उंबऱ्याशी बसून
पत्र्याचा फर्मा पानावर ठेवते, कात्री फिरवते.
रोजच्या हजारात मुकादम पन्नास-साठ छाट काढतो.
तिचं गणित जुनं:
"तंबाखूवर कर वाढला की
आधी मुकादमाची नजर बारीक होते,
मग छाट वाढते,
मग पानं कमी मिळतात.
काम बंद झालं असं कुणी सांगत नसतं, वनजा."

मी हसायचे.
आमचा माल परदेशी. खोक्यावरच्या गावाचं नाव
डिस्पॅचच्या इरण्णा बिराजदारला उच्चारता येईना,
तो त्याला 'मोठं मोहोळ' म्हणायचा.
तिथे गाड्यांचा कारखाना, एवढंच माहीत.

फेब्रुवारीत कॅन्टीनच्या टीव्हीवर एक ओळ सरकून गेली,
सुट्या भागांवर नवं आयातशुल्क.
टीव्हीचा आवाज बंदच असतो.
तौफिक बागवान म्हणाला, रुपयाला चार आणे,
आणि आम्ही आमटी वाढून घेतली.

एप्रिलपासून तक्रारी.
तेच दांडे, तोच शिक्का,
पण आता केसाएवढी कोर राहिली तरी फोटो यायचा.
फोटोत एक अंगठा, कोरेवर टेकलेला,
निळं नेलपॉलिश, अर्धं खरवडलेलं.
साहेब फोटो मोठा करून दाखवायचे.
मी कोरेआधी नख बघायचे.
एकदा त्यावर चिकटपट्टी होती.
एकदा पांढरा ठिपका,
असले ठिपके आम्ही लहानपणी कंबर तलावावर
उडत्या बगळ्यांकडे मागायचो, ओरडून ओरडून.
तिला छाट वाढवायला कुणी सांगितलं,
तिचा मुकादम कोण,
ते लिहायला फॉर्मवर जागा नव्हती.
रकाने तीनच: दोष, प्रमाण, सुधारणा.

ऑगस्टमध्ये तक्रारी थांबल्या.
साहेब खूश, पेढे मागवायच्या बेतात.
माझ्या पोटात गोळा.

"मोठं मोहोळ बंद पडलं,"
इरण्णा बसमध्ये म्हणाला, बाळ्यापाशी.
"पण शुल्क तर त्यांनी त्यांचा कारखाना जगावा म्हणून लावलं ना?"
"हो की. आपला दांडा महागला, तशी त्यांची गाडी महागली,
घेतली नाही कुणी."
मग तो खिडकीबाहेर बघत राहिला.
दोन कंटेनर समुद्रात होते तेव्हा.
बाराशे शिक्के माझे,
उतरवून घ्यायला तिकडे माणूस नाही.

आधी तिसरी पाळी गेली. मग ठेक्यावरची पोरं.
दिवाळीच्या अलीकडे मला 'ब्रेक' दिला.
मोडत नाही काही, नुसतं थांबतं,
असा तो शब्द आहे.
निघताना भंगारातला एक दांडा
गेटवर रीतसर पावती करून घरी आणला.
अम्मा ओल्या पानांच्या गाठोड्यावर तो वजन म्हणून ठेवते.
टोकावर बोट फिरवून तिनं विचारलं,
"इदेंटी, काय लिहिलंय?"
म्हटलं, मी.

पहिल्या शंभरात माझ्या चाळीस छाट निघाल्या.
विडीचं तोंड अंगठ्याच्या नखानं आत मुडपायचं असतं,
आणि बारा वर्षं मी नखं बुडापासून कापत आले,
दांड्यावर ओरखडा नको म्हणून.

आता उजव्या अंगठ्याचं वाढवतेय.
तंबाखूनं पिवळं पडलंय, थोडं तिरकंही.
कधी कधी दिव्याखाली धरून बघते,
निळं कसं दिसलं असतं.